खळ्यातून जाणारी वाट

वैनी, आज दारापुढचं खळं केलं.

सकाळपासून लागले होते. माती पसरली, पाणी मारलं, चोपून चोपून हात भरून आले, मग शेणानं सारवलं. सुहास म्हणत होता, आई, दोन माणसं सांगतो, या वयात तू कशाला मरतेस. मी म्हटलं, तू तुझा मोबाइल बघ. दुपार कलली तेव्हा खळं असं झालं होतं की वर सांडलेला तांदूळ जिभेनं उचलावा. आणि मी सवयीनं मागे गेले, पोफळीच्या झावळ्यांच्या त्या रुंद, चामड्यासारख्या विऱ्या आणायला. तुमच्या घराच्या कोपऱ्यापासून रस्त्याकडच्या बेड्याच्या फाटकापर्यंत ओळीनं मांडायच्या, म्हणजे ओल्या खळ्यात तुमचा पाय रुतणार नाही. काखेत विऱ्या घेऊन आले आणि खळ्याच्या कडेला तशीच उभी राहिले. कुणासाठी मांडतेय मी?

मेली सवय! तुम्हांला जाऊन महिना होत आला तरी हातपाय ऐकत नाहीत.

दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, बाई, आज खळं ओलं आहे, उद्या या, तर ती गेली असती वळसा घालून. तुम्हांला तशी सोय नव्हती. एक दिवस वाट चुकली तर तुमच्या मते कोर्टाचा हुकूम तिथल्या तिथे मेला असता. ताप असो, पाऊस असो, दिवेलागणीच्या आधी तुम्ही यायच्याच. कोपऱ्यावर एकदा खाकरायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या आणि माझ्या खळ्यातून सरळ बेड्याकडे. पाखाडीच्या पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत जायचं, कधी मासेवालीशी दोन शब्द, कधी देवळापर्यंत, कधी नुसतंच वडाला हात लावून मागे. परत येतानाही तेच, मान खाली, पाय नीट. मी ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसलेली. बघतेय आणि बघत नाही.

परवा सुनेनं विचारलं, मोठ्या काकींचं आणि आपलं कोर्टात नक्की काय होतं? सांगायला बसले आणि मलाच लाज वाटली, एवढंसं होतं ते. भाऊ वेगळे झाले तेव्हा पुढचं घर आमच्याकडे आलं, मागचं तुमच्याकडे. मागच्या घराला रस्त्यावर यायला वाट एकच, आमच्या खळ्यातून. नाहीतर पऱ्याचं पाणी ओलांडून, पोयरेकरांच्या कलमांच्या बागेतून लांबचा फेरा. वाटणीच्या वेळी कुणाला वाट लिहून घ्यायचं सुचलं नाही. भावाभावात वाट काय लिहायची! मग एका वर्षी ह्यांनी असंच दिवसभर खपून खळं केलं आणि मोठे भावजी बाजारातून आले ते चपलांसकट त्या ओल्या खळ्यातून चालत गेले. हातात पिशव्या, डोक्यात कसला तरी विचार. खाली बघितलंच नाही त्यांनी. हे ओटीवरून ओरडले, डोळे फुटले काय? थोरल्या भावाला! भावजी वळले आणि म्हणाले, माझ्या बापाचं खळं आहे, नाचत जाईन.

एवढंच. आठवड्याच्या आत चिऱ्यांचा गडगा उभा राहिला, तुमच्या कोपऱ्याला लागून, वाट बंद. त्या सुकलेल्या खळ्यात भावजींच्या चपलांचे ठसे पुढच्या पावसापर्यंत तसेच होते. ह्यांनी ते बुजवू दिले नाहीत मला. पुरावा आहे म्हणाले. कसला पुरावा, कुणाला दाखवायचा, देव जाणे.

मग तारखा. तुम्ही दोघं एकाच एसटीनं जायचात, आम्ही दोघं त्याच एसटीनं, तुम्ही पुढच्या बाकांवर आणि आम्ही मागच्या. एकदा येताना घाटात तुम्हांला उलटी होत होती आणि माझ्या पिशवीत लिंबू होतं. मी ते कंडक्टरच्या हातात दिलं, म्हटलं, त्या बाईंना द्या. कोण बाई ते त्याला कळेना. मी नाव घेतलं नाही तुमचं. ह्यांचे डोळे माझ्यावर होते.

निकाल तुमच्या बाजूनं लागला. आम्ही वर गेलो, तिथेही तेच. शेवटी हुकूमनामा झाला की मागच्या घराला या खळ्यातून येण्याजाण्याची वाट आहे, गडगा काढावा, आणि पुढे कुणी अडथळा करू नये. आम्ही काढला नाही. ह्यांचं म्हणणं, कोर्टाला काढायचा असेल तर कोर्टानं यावं. तर कोर्ट आलंच हो एक दिवस! बेलीफ आला, दोन पोलीस आले, पंच आले. भर सकाळी सगळी वाडी कुंपणाला लटकलेली.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, वैनी. तुमचीच काय, माझी लाकडं जळतील तेव्हाही जाणार नाही. बेलीफानं ह्यांना कागद वाचून दाखवला, मग तुमच्याकडे वळून विचारलं, माणसं कुठे आहेत? गडगा पाडायला माणसं तुम्ही आणायची. तुम्ही भावजींकडे बघितलंत. वाडीतला एकही माणूस यायला तयार नव्हता. आज आमचा गडगा पाडायचा आणि उद्या आमच्याच दारात भात झोडायला कसं उभं राहायचं, हा प्रत्येकाचा प्रश्न. भावजींना दमा. ते चिऱ्यावर बसून धापा टाकत होते आणि बेलीफ म्हणत होता, बाई, असं असेल तर मी वॉरंट परत घेऊन जातो. मग तुम्ही काष्टा घातलात. गडग्याशी गेलात आणि वरचा चिरा दोन्ही हातांनी ओढायला लागलात.

एक निघाला. दुसरा निघेना. बोटं सोलली. तुम्ही मला नवी नवरी असताना भाकरी थापायला शिकवलीत ते हात होते ते. मला नाही बघवलं. मी पडवीत गेले, पहार उचलली, आणून तुमच्या हातात दिली. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. संध्याकाळी म्हणाले, घरभेदी! मी म्हटलं, चिरा तिच्या पायावर पडला असता तर दवाखान्यात कुणी न्यायचं होतं, तुमच्या अपिलानं?

ती पहार तुम्ही काम झाल्यावर परत ओटीच्या कडेला ठेवलीत. नीट आडवी. तिला लागलेली माती पुसून. तिथेसुद्धा आभार मानले नाहीत माझे. मी वाट बघत होते, वैनी. इतकी वर्षं तुमच्या तोंडून एक शब्द निघेल म्हणून बघितली. आता काय!

जाताना बेलीफ तुम्हांला म्हणाला ते मात्र मी ऐकलं. म्हणाला, बाई, आम्ही वाट मोकळी करून दिली, आता ती चालायची तुमची तुम्ही. सहज बोलला असेल, एसटी गाठायची घाई होती त्याला. तुम्ही ते मनावर घेतलंत. सरकारी माणूस बोलला म्हणजे हुकूमच. दुसऱ्या दिवसापासून तुमची ती रोजची फेरी सुरू झाली.

ह्यांनी कमी त्रास दिला का? बैल आडवा बांधायचे. उन्हाळ्यात आमसुलं अशी पसरायचे की पाऊल ठेवायला जागा नको. तुम्ही थांबायच्यात. हलायच्या नाहीत. तसंच उन्हात उभं राहायचं. मग मीच उठून आमसुलं सरकवायची. ही आमची अंमलबजावणी! कोर्टाला काय ठाऊक, त्याचा हुकूम आमच्या वाडीत एक बाई उभी राहून आणि दुसरी बाई वाकून चालवतेय.

मग हे गेले. तुम्ही आलात, पण वाटेच्या पट्ट्यात उभ्या राहिलात. ओटीची पायरी चढला नाहीत. सगळे म्हणाले, बघा किती आकस. मी पण म्हटलं मनात. पुढच्या वर्षी भावजी गेले. मी तुमच्याकडे आले, तुमच्या शेजारी बसले, तुम्ही माझा हात धरलात आणि घट्ट धरून ठेवलात. तेव्हा वाटलं, संपलं. भांडणारे गेले, आता आपण दोघी. म्हणून थोड्या दिवसांनी तुम्ही खळ्यात आलात तेव्हा मी ओटीवरून हाक मारली, या वैनी, बसा, चहा टाकलाय.

अगो बाई, काय तुमचा चेहरा झाला! थोबाडीत मारल्यासारख्या उभ्या राहिलात. आणि वळून परत घरी. मी कपबशी हातात घेऊन तिथेच. रडले मी त्या दिवशी, रागानं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, वाटेत थांबलात आणि जमिनीकडे बघत बोललात. "शालू, मला या म्हणू नको गो."

"का? माझ्या घरचा चहा बाटलाय?"

"तसं नाय गो. वकिलांनी सांगितलंन होतं. तुम्ही हक्कानं जाता की त्यांच्या परवानगीनं, ते बघतं कोर्ट. परवानगीनं गेलं की हक्क राहत नाय. साक्षीत मी तेच सांगितलंय, कधी कुणाला विचारून गेलो नाय म्हणून. आता तू या म्हणालीस नि मी आले, तर काय झालं ते?"

मी हसले. मग समजावलं. वैनी, तो मुद्दा केस चालू असतानाचा. आता हुकूम झाला. आता मी या म्हणो की जा म्हणो, वाट तुमचीच. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "हुकूम झाला तेव्हाही गडगा होताच ना गो." मग हळूच म्हणालात, "ह्यांचा जीव गेला या वाटेपायी. माझ्या चहापायी मोडू काय ती?"

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तालुक्याला गेले तेव्हा एका वकिलाला विचारूनही आले मी. तो हसला, म्हणाला, काकू, खुशाल चहा पाजा. मी येऊन तुम्हांला सांगितलं तर म्हणालात, तो तुझा वकील. तो तसंच सांगणार.

शेवटी त्या मोत्या कुत्र्यानं आपल्याला तारलं. मी मोत्याकडे तोंड करून बोलायची. "मोत्या, आज कुणीतरी बांगडा घेतलान वाटतं, वास येतोय." तुम्ही चालता चालता मोत्यालाच सांगायच्यात, "बांगडा कसला मेल्या, सौंदाळे आहेत. महाग लावलेन भवानीनं." चहाचा कप मी गडग्याच्या उरलेल्या चिऱ्यावर ठेवायची, तुमच्या हद्दीत. तुम्ही तो उभ्यानं प्यायच्यात, आणि मोत्याला सांगायच्यात की साखर कमी आहे. सुनेचं बाळंतपण, तुमच्या दिगूची नोकरी, माझे गुडघे, सगळं त्या कुत्र्याच्या कानावरून गेलं. किती हसलोय आपण, एकमेकींकडे न बघता! पण ओटीची पायरी तुम्ही चढला नाहीत. आणि मी या म्हटलं नाही. तोंडाशी यायचं. आलेल्या माणसाला या म्हणायचं नाही, वैनी, ही काय शिक्षा झाली? हरले म्हणून कोर्टानं मला सांगितलं ते सोपं होतं. तुम्ही सांगितलंत ते जड गेलं.

आजारी पडलात तेव्हा मी रोज यायची तुमच्याकडे. तुम्ही आपल्या खुशाल म्हणायच्यात, ये गो शालू, बस. मी म्हणायची, वा, तुम्ही मला ये म्हणायचं आणि मी म्हटलं की कोर्ट! तुम्ही हसायच्यात आणि हसता हसता खोकला यायचा. पण दिवस कलला की तुमची घालमेल सुरू. "आज कोण गेलं गो वाटेनं?"

"मी आले ना आत्ता."

"तू नाय गो. तुझी तुला कसली वाट? आमच्यातलं कोण गेलं?"

मग मी दिगूला पिटाळायची, जा रे, बेड्यापर्यंत जाऊन ये. मुंबईहून रजा टाकून आलेला तो, कानाला फोन लावून जायचा आणि यायचा. तुम्ही दारातून त्याची पाठ बघायच्यात आणि मग डोळे मिटायच्यात.

दसरा झाला आणि तुम्ही गेलात.

तुम्हांला घेऊन निघाले तेव्हा मी ओटीवर होते. माणसं तुमच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली. दिगूच्या हातात मडकं, तो इकडे तिकडे बघतोय. पोयरेकर म्हणाले, पऱ्याकडून न्यायला हवं, दुसऱ्याच्या खळ्यातून मढं नेत नाहीत. चारचौघांनी मान हलवली. रीतच आहे तशी. ज्यांनी खांदा दिला होता ते वळायला लागले. तुम्हांला त्या फेऱ्यानं, त्या चिखलातून, शेवटच्या दिवशी! माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. मी पायऱ्या उतरून खळ्यात गेले आणि ओरडले, "थांबा! कुठे नेताय तिला? कोर्टाचा हुकूम आहे. इथूनच न्यायची."

सुहास म्हणाला, "आई!" पोयरेकर म्हणाले, "शालिनीवैनी, अगो, तुझं घर आहे. तुला चालेल, पण रीत..." मी म्हटलं, "मला चालण्याचा प्रश्नच नाही. मी परवानगी देत नाहीये. हक्क आहे तिचा. जो अडवील त्याच्या घरी बेलीफ आणीन."

आणि मी बाजूला झाले. या म्हटलं नाही, वैनी. त्या दिवशीसुद्धा जीभ दाताखाली धरली. तुम्ही माझ्या खळ्यातून गेलात, सरळ, पट्ट्याच्या बाहेर एक पाऊल नाही. मोत्या उठून उभा राहिला. बेडं ओलांडलंत आणि पाखाडीच्या खाली दिसेनाशा झालात.

वाडी आता म्हणते, शालिनीनं मढ्याला वाट दाखवली, आता ती येत राहणार. दूधवाली दिवेलागणीला माझ्याकडे यायची बंद झाली. सुनबाईनं बेड्याला लिंबू आणि बिब्बा बांधलान, मी तो काढून टाकला. खरं सांगू? संध्याकाळी मला ऐकू येतं. तुमचं खाकरणं. कोपऱ्यावर, एकदाच. मोत्या मान वर करतो, म्हणजे मला एकटीलाच ऐकू येत नाही. आणि माझी मान आपोआप खाली जाते, सुपातले तांदूळ हलायचे थांबतात, ओठ घट्ट मिटतात. नजर वर केली तर तुम्ही दिसाल या भीतीनं नाही. दिसणार नाहीत या भीतीनं मी वर बघत नाही. थोडा वेळ जातो. मग मोत्या मान खाली टाकतो आणि मला कळतं, फेरी झाली.

परवा दिगूचा फोन आला होता. काकी, मी काही गावाला येऊन राहत नाही, वकिलाकडे कागद करू, मी वाटेवरचा हक्क सोडून देतो. सुहासला तेच हवंय. खळ्यात ब्लॉक घालायचे, पुढे लोखंडी गेट, शहरातली माणसं येऊन राहणार, गाड्या लागणार. म्हणाला, आई, आता त्या वाटेनं आहे कोण चालायला? मी दोघांनाही सांगितलं, मी आहे तोवर बेड्याला कडी लागायची नाही. सुहास चिडला. म्हणाला, अगो, केस आपण हरलो होतो, तू त्यांच्या बाजूनं का भांडतेस? मी म्हटलं, हरलो म्हणूनच. हुकूम हरलेल्यानं पाळायचा असतो, जिंकलेल्यानं नाही.

तर आज विऱ्या मांडल्या नाहीत. ठेवल्या परत मागे नेऊन. ऊन उतरलं तशी ओटीवर येऊन बसले. खळं अजून ओलं आहे. एक चिमणी उतरली तरी पाय उमटेल असं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं खळं अखंड, कोपऱ्यापासून बेड्यापर्यंत कुठे एक खूण नाही. ह्यांना असंच हवं होतं. भावजींवर ओरडले ते यासाठीच. आता आहे, पण त्याच्याकडे बघवत नाही, वैनी.

तुमचा हुकूमनामा मला तोंडपाठ आहे, तुमच्यापेक्षा जास्त. मागच्या घराला येण्याजाण्याची वाट. येण्याची आणि जाण्याची. त्या दिवशी तुम्ही गेलात ते सगळ्यांनी बघितलं. येण्याचं अजून बाकी आहे. तेवढी अंमलबजावणी राहिली आहे माझ्याकडून.

मोत्यानं मान वर केली आहे. मी चहा टाकलाय, साखर नेहमीपेक्षा जास्त घातली आहे. कप आज चिऱ्यावर ठेवला नाही, ओटीवर ठेवलाय, माझ्या शेजारी. आता कुठलं कोर्ट तुमचा हक्क काढून घेतं तेच बघते. पाय ओले झाले तर होऊ देत, खळं मी पुन्हा सारवीन.

या वैनी. बसा.